सुतळीची साखर

पहाटे तीनचा गजर लावतो, पण जाग त्याच्या आधीच येते.
दांडिया बाजार झोपलेला,
फक्त कोपऱ्यावरच्या दूधवाल्याचं शटर गुडघाभर वर.
आधी माझ्या बोटाला सुई: दोनशे चौदा.
मग तिच्या पंजाला: बेचाळीस.
यंत्र एकच, पट्ट्यांची डबी एकच.
माझं रक्त पाकासारखं होत चाललंय, तिचं पाण्यासारखं.
वाटप करताना वर कुणीतरी पुड्या बदलल्या असाव्यात.
मी बत्तीस वर्षं कंपाउंडर होतो,
माझ्याकडून असं एकदाही झालं नाही.

सुतळी हे नाव निनादने ठेवलं.
कॅनडाला जाताना तो सायकल आणि ही ठेवून गेला.
सायकल विकली.
तेव्हा ही बाहीतून शिरायची ती कॉलरमधून निघायची.
आता शेपटीचे केस गेलेत,
मणके बोटांना मोजता येतात,
आणि मागचे पाय पुढच्यांचं ऐकत नाहीत.

शेजारचा हेत विचारतो, काका, आ नोळियो छे?
मी हो म्हणतो. फेरेट म्हटलं की अर्धा तास जातो.
परीक्षेला जाताना तो शुभ म्हणून हिचं तोंड बघून गेला.
गणितात एकोणचाळीस.

फतेगंजच्या डॉक्टर मॅकवाननी
गाई पाहिल्यात, कुत्री पाहिलीत, एकदा सर्कशीतला उंट.
हिला पाहून त्यांनी आधी पुस्तक उघडलं,
मग चष्मा पुसला,
मग मला खुर्ची दिली.
खुर्ची दिली तेव्हाच कळलं.
आमच्या दवाखान्यात ती मीच द्यायचो.

स्वादुपिंडात गाठी. वय पाहता ऑपरेशन नको.
एका गोळीचे आठ भाग, ब्लेडने, काळ्या कागदावर.
चार-चार तासांनी कोंबडीची पेज
(माझ्या आईच्या काळात अंडंसुद्धा गॅलरीत उकडायचं).
झटका आला तर हिरड्यांना मध.

मंगळवारी आला.
तडफडत ती कपाटाखाली गेली.
मी खांदा लावून कपाट सरकवलं
आणि तिचं कोठार उघडं पडलं:
निनादचा मोजा, हेतचं खोडरबर,
माझ्या इन्सुलिनच्या पेनाची तीन टोपणं,
आणि सुमतीची चांदीची पळी.

तीच.
जिच्यासाठी चार वर्षांपूर्वी
सुमती कोकिळाबेनला काही बोलली नव्हती.
मीही काही बोललो नव्हतो.
फक्त दुसऱ्या दिवशी देवघराला कुलूप लागलं,
आणि केर काढताना ते तिने पाहिलं.
महिनाअखेरीस तिने काम सोडलं.
सुमती गेली तेव्हा ती दारापर्यंत आली,
उंबरा ओलांडला नाही.

बोटं थरथरत होती, मध पळीनेच लावला.
बराच वेळ काही नाही.
मग जीभ हलली. पळी चाटली.
मग दातांत धरून
पुन्हा कपाटाकडे निघाली, चोरटी.
दोन पावलं गेली.

गुरुवारी पळी रुमालात बांधून वाडीत गेलो.
आयुष्यभर बाटल्यांवर लिहीत आलो,
हलवून घ्या, जेवणानंतर, रिकाम्या पोटी.
यावर काय लिहायचं ते सुचेना.
रुमाल तसाच तिच्या ओट्यावर ठेवला.

तिने गाठ सोडली.
पळी उन्हात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.
बटाटे शिजत होते, तिने गॅस बारीक केला.
मग विचारलं, चोर जीवे छे?
म्हटलं, आहे. चार तासांनी भरवावं लागतं.
तिने बोटांवर मोजलं.
दुपारचं एकचं मी करीन, म्हणाली.
पण पगार जुना नाही.

आता वहीत माझ्या अक्षराखाली तिचं अक्षर असतं.
आकडे गुजराती: सत्तावन्न, एकसष्ट, काल चव्वेचाळीस.
काल दोघंही काही बोललो नाही.
पेज मात्र तिने पळीनेच भरवली.

देवघराचं कुलूप काढायचंय.
किल्ली सापडत नाही.
कपाटाखालीही नव्हती.