पंचवीस

पटावर नाव संग्राम दादासो यादव.
जूनभर मी हाक मारली,
मान वर झाली नाही.
बाप कोइमतूरला गलाईच्या भट्टीवर,
आई पोराला घेऊन एवढ्यातच
लेंगऱ्याला परतलेली.

पंचवीस म्हटलं की बावन्न लिहायचा.
त्र्याहत्तर म्हटलं की सदतीस.
मी लाल पेनानं गोल करत गेले.
गोल वाढले तसं त्याचं अक्षर बारीक झालं,
शेवटी पानाच्या कोपऱ्यात
मुंगीएवढं.
तक्त्यात मी लिहिलं, अप्रगत.
केंद्रप्रमुख म्हणाले, तक्ता छान भरलाय बाई.

एका दुपारी फाटकातून त्याच्या आईनं हाक मारली,
"कण्णा!"
आणि पोर असं सुटलं
की दप्तर बाकावरच राहिलं.
म्हणजे याला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी हजेरीत
संग्रामच्या जागी मी कण्णा म्हणाले.
वर्ग फिस्सकन हसला.
तो "हजर" म्हणाला,
माझ्याकडे बघून.

मग खडू त्याच्या हातात दिला
आणि त्याच्या जागेवर मी बसले,
गुडघे बाकात मावेनात.
म्हटलं, तिकडचे आकडे शिकव मला.
ओण्णु, रेंडु, मूणु, नालु, अंजु...
तर अंजू लोंढे उठून उभी, "काय बाई?"
त्या दिवशी पहिल्यांदा
त्याचे पडलेले दोन दात मला दिसले.

पंचवीसला काय म्हणता रे?
इरुवत्तंजु.
कळलं नाही, परत सांग.
त्यानं सावकाश फोड केली, लहान मुलाला करतात तशी :
आधी वीस. मग पाच.
फळ्यावर दोन काढला,
मग त्याच्या शेजारी पाच.
बोलला तसाच लिहिला.

एकोणीस वर्षं मी शिकवतेय.
पाच आधी बोलायचा, वीस मागून,
आणि लिहायचं मात्र उलट.
हे उलट आहे
हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही.
पोर बिचारं ऐकलं तसं लिहीत होतं,
अगदी इमानानं.

आता पंचवीस येतो.
एकोणतीसला अजून अडतो,
तीस नाही तर तीस म्हणायचंच कशाला, विचारतो.
मलाही उत्तर नीट देता येत नाही.

ती लाल गोलांची वही मागितली
तर म्हणाला, आईनं पाणी तापवायला चुलीत घातली.
बरं झालं.
तक्ता मात्र विट्याच्या कार्यालयात
फाईलला लावून ठेवलाय,
माझ्या सहीचा.