अंगठा

सीटवर माझ्याआधी दव बसलेलं असतं.
पुसायचं फडकं हँडललाच बांधलेलं आहे,
पण तेही रात्रभर बाहेर,
म्हणजे ओल्यानं ओलं पुसायचं.
वरून किराणा दुकानाची पिशवी, गाठ मारून,
आणि निघायचं.

सायकल तनुजाची. आठवीत शाळेतून मिळालेली.
मडगार्डवरचं फुलपाखरू अर्धं उडून गेलंय.
ती आता बसने जाते कॉलेजला.
म्हणते, आई, लोक बघतात.
पहाटे सहाला कोण बघतंय?
मखमलाबादच्या चौकात दुधाचे कॅन, एक कुत्रं,
आणि मोज्यांत हात घातलेली मी.
हो, मोजे. पायातलेच.
ह्यांचे जुने, टाचेला भोक पडलेले;
त्या भोकातून उजवा अंगठा बाहेर काढते,
घंटीसाठी.

पुढे द्राक्षबागा.
रात्रभर कुणीतरी जागलंय तिथं.
बांधाबांधाने शेकोट्या, ओला पालापाचोळा,
आणि धूर वर न जाता
घडांच्या उंचीवरच रेंगाळतो.
मण्यांना थंडी बाधू नये म्हणून एवढं सगळं.
मी त्या धुरातून मुद्दाम हळू पेडल मारते.
फुकटची ऊब. डोळे झोंबतात, झोंबू देत.
मणी तडकले तर परदेशी जाणार नाहीत.
माझ्या टाचा तडकल्या
तरी साताला सातपूर.

आनंदवलीच्या पुलावर मात्र काही चालत नाही.
नदी वाफाळत असते; नव्या माणसाला वाटेल
खाली बंब पेटलाय.
खोटं आहे. त्या वाफेला दात आहेत.

गंगापूर रोडला हौशी सायकलवाले भेटतात,
हेल्मेट, चष्मे, पाठीला पाण्याची नळी.
एकाने परवा वेग कमी करून विचारलं,
ताई, रोज किती किलोमीटर?
नऊ, म्हटलं. आणि परत नऊ.
वा, म्हणाला, असंच चालू ठेवा.
जसं काही माझ्या हातात आहे.

गेटवर सहा चोपन्न.
भिंतीवरच्या यंत्रावर अंगठा ठेवला.
लाल दिवा.
आतली बाई म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा.
चोळला, फुंकला, काखेत धरला.
पुन्हा प्रयत्न करा.
अकरा वर्षं इथंच उमटवते मी हा अंगठा,
आणि आज तो कुणाचा आहे
ते यंत्राला माहीत नाही,
खरं तर मलाही नाही,
कारण चावला तरी दुखत नव्हता.
मागे रांग. कुणीतरी म्हणालं, आवर की गं.
सहा सत्तावन्न.
सातनंतर अर्धा दिवस कापतात.
थंडीचा अर्ज कुणी घेत नाही.

बेंडकोळी वॉचमन, सुरगाण्याकडचे.
तुटक्या पॅलेटचा जाळ करून बसतात,
दिवसाला चार शब्द, त्यातले दोन ‘गाडी मागं’.
ते उठले.
हातातला चहाचा ग्लास माझ्यापुढे धरला.
मी घ्यायला गेले, तर म्हणाले, पिऊ नको.
बुडव.

मी बघतच राहिले.

बुडव गं. अर्धा झालाय पिऊन.

बुडवला.
आधी काहीच नाही.
मग मुंग्या, मग कळ, अशी कळ
की डोळ्यांत पाणी,
आणि त्या कळेच्या मागोमाग
अंगठा परत आला माझ्याकडे,
साखरेने चिकट, आल्याचा वास घेऊन.
ओढणीला पुसला.
हिरवा दिवा. धन्यवाद, म्हणाली आतली.
सहा एकोणसाठ.

आत केसाहून बारीक तांब्याची तार,
मोटारीच्या कॉइलला वेढे घालायचे.
गारठलेल्या हाताला तिचा ताण कळत नाही,
पहिल्या तासात दोन-तीनदा तुटतेच.
आज एकदाही नाही.
सुपरवायझरने वहीत टिक केली, कारण विचारलं नाही.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत
आल्याचा वास होता बोटाला.
तेव्हा आठवलं,
त्यांनी तो उरलेला चहा प्यायला की फेकला,
हे बघायचं राहूनच गेलं.