काट्यामागे

फैजपूरच्या नाक्यावर, गतिरोधकाच्या अलीकडे,
पाय ब्रेकवर गेला की गाडी बंद.
धावताना काही तक्रार नाही.
थांबायचं म्हटलं की मरते,
आणि मागे केळीचे ट्रक हॉर्न देत राहतात.

सुभान तडवी म्हणाला, वेग कळत नसेल तिला.
कळवणारा एक सेन्सर असतो, बोराएवढा,
चाक फिरतंय की थांबलंय, एवढंच सांगतो.
तो मुका झाला की इंजिन गोंधळतं.
कुठे असतो?
गिअरबॉक्सवर. सगळ्यांचा तिथंच असतो.

सिमेंटची रिकामी गोणी अंथरून
तो खाली सरकला. बाहेर फक्त तळपाय,
टाचांच्या भेगांत मुरलेलं काळं ऑइल.
दुपारचे दोन. पत्र्याचं शेड तापून तडतडत होतं.
मी टॉर्च धरलेला:
डावीकडं. अजून. हात हलवू नका, सर.

रॉकेलने पुसलं, तारेच्या ब्रशने खरवडलं.
यावल रस्त्याची काळी माती निघाली, खापरीसारखी,
एक सोड्याच्या बाटलीचं बूच निघालं.
"अठी नाही ते," खालून आवाज आला.
"अठी तं नुसती केबल आहे."

करंगळीएवढी केबल वर चालली होती.
तो तिच्या मागोमाग,
बोटांनी चाचपत, बॅटरीखालून,
पत्र्यातल्या रबरी भोकातून
आत, आपण बसतो तिथे.

मग मीटर उघडलं.
तीन स्क्रू; चौथा कोणीतरी आधीच हरवलेला.
उलटं केलं, आणि सुभान हसला.
काट्याच्या पाठीशीच, गव्हाच्या दाण्यासारखी
काचेची नळी, आत दोन पत्त्या,
चुंबक फिरलं की उघडझाप करणाऱ्या.
एका पायाचा डाग सुटलेला.

अकरा वर्षं मी त्याच काचेकडे बघत
गाडी चालवतोय.
चाळीस. साठ. भालोदचं वळण, पुन्हा चाळीस.

डाग देताना धुराचा एक धागा उठला, राळेचा वास.
"मीटरला हात लावायचं टाळतो मी," तो म्हणाला,
"लोकांना वाटतं, किलोमीटर मागं फिरवतोय."
पैसे मात्र त्याने गोणीवर पडून काढलेल्या
दोन तासांचेच घेतले. डागाचे नाही.

संध्याकाळी नाक्यावर मुद्दाम थांबलो.
काटा शून्यावर, किंचित थरथरत.
इंजिन चालू.
मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला.
देऊ दे म्हटलं,
आणि अजून थोडा वेळ उभा राहिलो.