पुढचं पुढे पाहू

ऐक आर्मां, कॉफी गार झाली तरी चालेल,
आधी हा कागद बघ. कागद म्हणजे पेपर नॅपकिनच,
कोपऱ्याला सिरपचा डाग,
पण आकडे स्पष्ट आहेत.

तुमच्या हॅमिल्टनने आम्हाला ह्राडेक द्यायचा.
वय एकतीस, डावा गुडघा दोनदा उघडून शिवलेला,
तीन वर्षांचा करार अजून मानगुटीवर.
बदल्यात आमचं दुलुथ देईल
तो पोरगा, ओकिमॉ, उजव्या विंगचा,
आणि पुढच्या ड्राफ्टमधली दुसऱ्या राउंडची एक निवड.

हसू नकोस.
आवळा देऊन कोहळा काढत नाहीये मी.
उलट व्यवहार आतबट्ट्याचा आहे, आमच्याच बाजूने.
पण निळ्या रेषेवर पाय रोवून उभं राहणारं माणूस
आमच्याकडे नाही, आणि ह्राडेक,
तू परवा पाहिलंस ना,
पक तोंडावर घेतो, दात रेफरीच्या हातात ठेवतो
आणि पुन्हा जागेवर येऊन उभा राहतो,
जसा कुणी पासबुक भरायला बँकेत उभा असावा.

पगाराची मर्यादा? अर्धा पगार हॅमिल्टनने सोसावा.
ओकिमॉ एकवीसचा आहे, म्हणतोस, वेड लागलंय का मला?
एकवीसचा आहे म्हणूनच तर तुम्ही घ्याल.
एकवीसमध्ये काय दडलंय ते कुणालाच माहीत नसतं,
भाव त्याचाच येतो.

लेंपी तिसऱ्यांदा कप भरून गेली,
आपल्याकडे न बघता.
बाहेर धान्याच्या कोठारांवर बर्फ,
तलाव अर्धा मैल गोठलेला,
त्यापलीकडे काळं पाणी वाफा सोडतंय.

आणि समतोलासाठी, खाली बघ, शेवटची ओळ:
अधिक, पुढचं पुढे पाहू.
करारात असं असतंच, तुला ठाऊक आहे.
काहीतरी देणं लागतो, काय ते नंतर कळवू.
ही ओळ मी ठरवून नाही लिहिली.
पेन तिकडे गेलं.

चौऱ्याहत्तरचा फेब्रुवारी. मी तेवीसचा.
मूस जॉच्या मोटेलात कोचने दार वाजवलं.
माझे स्केट्स हीटरवर वाळत होते,
एक कोरडा झालेला, एक ओला.
तोइवो, तू टोलेडोला चाललास.
मी विचारलं, कुणाच्या बदल्यात?
तो हातातल्या टोपीला म्हणाला,
पुढचं पुढे पाहू.

दोन हंगाम मी टोलेडोत खेळलो
आणि दर सोमवारी पेपरात शोधायचो
मूस जॉला माझ्यासाठी काय मिळालं.
एखादा राखीव गोली.
निदान चार खोकी टेप.
मग टोलेडोवाले बुडाले, देणं राहूनच गेलं.
ऐलाने लग्नाआधी चेष्टेत विचारलं होतं,
तुझी किंमत किती रे?
म्हटलं, अजून कळवलेलं नाही.
अजूनही विचारते ती, मी अंगणातला बर्फ उपसून
आत आलो की, बूट काढता काढता:
आलं का काही पत्र?

तर हा ओकिमॉ.
त्याची आई सू लुकआउटहून
सात-आठ तास गाडी चालवत दुलुथला येते,
दर शनिवारी नाही, पण रस्ता मोकळा असला की,
मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला रश्श्याचा डबा.
काल रात्री मी नकाशा काढून बसलो.
हॅमिल्टन तिला दोन दिवस पडेल.
हा आकडा कुठल्या रकान्यात लिहायचा,
मला सुचलं नाही.

दे इकडे तो नॅपकिन.
ओकिमॉ खोडतो.
त्याच्या जागी तुला कोण हवाय ते सांग,
पण नाव घेण्याआधी सांग
तो राहतो कुठे, आणि त्याच्याकडे कोण येतं.

काय बघतोस?
ह्राडेक मला अजून हवाच आहे.
गुडघ्यासकट.