ओळखणारा

सोलकढी सांडली
तेव्हा लॅपटॉपची चार बटणं गेली,
आणि पासवर्डात नेमकी त्यातलीच दोन.
लॅमिंग्टन रोडवरून, खिमजीभाईकडून
साडेचारशेचा कीबोर्ड आणला. जोडला.

चेंबूर. रात्रीचे साडेदहा.
काळ्या पडद्यावर एकच ओळ:
डिस्कचा पासवर्ड द्या.
देतेय की!
एकही ठिपका उमटत नाही.
कीबोर्डचा हिरवा दिवासुद्धा
लागून, विझून, गप्प.

खिमजीभाई फोनवर जेवता जेवता म्हणाले,
बेन, कीबोर्ड चांगलाच आहे.
पण त्याला ओळखणारा
आत झोपलाय ना, कुलपापलीकडे.

मग मी उगाच सबंध पासवर्ड मारला
मोठ्या अक्षरासकट,
एकदा चुकले, पुसला, पुन्हा मारला.
एंटर.

खिडकीतून, माहुलच्या बाजूला
रिफायनरीची ज्योत पेटलेली.
तिला कुणी काही विचारत नव्हतं.