अडतीस फेरे

पहाटे साडेचारला कोपरखैरण्यात
कुत्री मान वर करतात, मला ओळखतात, पुन्हा झोपतात.
माझ्या खांद्यावर व्हॉल्व्हची लोखंडी चावी,
उभा दांडा, वर आडवी मूठ.
पाळक त्रिभुवन एकदा म्हणाले,
"शांतवन, अगदी क्रूस वाहतोयस असं वाटतं."
मी हसलो.
क्रूसाला कुणी दर महिन्याला ग्रीस लावत नाही.

चेंबरचं झाकण सरकवलं की
आधी झुरळं बाहेर येतात, मग गार, गंजका वास.
चावी आत सोडायची,
खालचं चौकोनी डोकं सापडेपर्यंत
आंधळ्यासारखी चाचपायची.
बसली की फेरे.
अडतीस.
सदतीसवर थांबलं तर सेक्टर आठला
तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही,
एकोणचाळीस झाले की नाक्यावरचा जुना जोड
रडायला लागतो.

मला सुवार्तिक व्हायचं होतं.
जालन्याला दोन वर्षं शिकलो,
ग्रीक मुळाक्षरं अजून पाठ आहेत,
पण उपदेशाला उभा राहिलो
की जीभ टाळूला चिकटायची.
मग अण्णा गेले,
मग ठेकेदाराकडे ही चावी मिळाली.
आई म्हणाली, देव बघून घेईल.
तेवीस वर्षं तो बघतोय
असं मी धरून चाललोय.

म्हणून या कामात मी प्रार्थना घुसडली.
एका फेऱ्याला एक नाव:
करुणाचा थायरॉईड, मेहुण्याचं कर्ज,
पाळकांचा गुडघा, मंडळीतली सगळी दुखणी.
वाटायचं, असं केलं
तर ही चावी थोडी तरी देवाची होईल.

उपवासकाळातला गुरुवार होता.
त्या दिवशी प्रार्थना अशी लागली
की डोळे भरून आले, अंगावर काटा आला,
पारसिकच्या डोंगरामागे उजाडत होतं
आणि मी एकोणतीसवर आमेन म्हणून
चावी उपसली.
घरी गेलो. चहा कधी नव्हे इतका गोड लागला.

सहा दहाला फोन.
सेक्टर आठ, तिसरा मजला, इंदूबाई ढमाळ
जिन्यात रिकामा हंडा घेऊन उभ्या.
"भाऊ, कुठं असतं लक्ष तुमचं?"

खरं उत्तर माझ्याकडे होतं.
ते देता येईना.

पळत जाऊन उरलेले नऊ फेरे दिले,
पण तोवर पाण्याची वेळ संपत आली होती.
मग तळमजल्यावरच्या नळाचे दोन हंडे
मीच वर नेले.
आत कॉटवर त्यांचा नवरा,
बाजारात चाळीस वर्षं गोणी उचललेला माणूस,
आता कूससुद्धा बदलून द्यावी लागते.
चादर रात्रीपासून ओली.
इंदूबाईंनी पदर खोचला.
एक तांब्या पाठीला, एक मांड्यांना,
अर्धा पायांना,
अर्धा राखून ठेवला.
एक थेंब इकडेतिकडे नाही.
तोंडाने काही पुटपुटत नव्हत्या.
मी दारात उभा, हातात चप्पल.

दुसऱ्या दिवशी मी कुणाचंच नाव घेतलं नाही.
एक. दोन. तीन.
तळव्यात लोखंडाचा गारवा,
बाराव्या फेऱ्याला लागणारी जराशी अढी,
आणि एकतीसच्या आसपास
पाइपातला आवाज बदलतो,
झोपलेलं कुणी उठून बसावं तसा.
तेवीस वर्षांत तो मला
एकदाही ऐकू आला नव्हता.
छत्तीस. सदतीस.
अडतीस.
वर कुठंतरी बादलीत धार पडली.
मी झाकण लावलं. पुढच्या चेंबरला बावीस फेरे असतात.

रविवारी उपासनेत पाळक म्हणाले,
आज शांतवन साक्ष देतील.
उभा राहिलो. जीभ नेहमीसारखी चिकटली.
करुणाने खालून बोटाने ढोसलं.
"अडतीस," म्हणालो
आणि बसलो.

थोडा वेळ सगळं शांत.
मग मागच्या बाकावर पानं चाळल्याचा आवाज,
आणि पेटीवर सॅम्युएलने
अडतिसाव्या गीताचा सूर धरला.