मधला वेग

पेट्रोलपंपाच्या काउंटरवर, गळांच्या डब्याशेजारी
पुठ्ठ्याची पाकिटं उभी करून ठेवली होती.
बटाटा कापून उठवलेला ठसा: एक होडी, पालथी.
खाली पेन्सिलीने, शंभरांतली त्रेसष्टावी.
बँडचं नाव मी ऐकलेलं नव्हतं.
तशी मला नावं ठाऊक तरी किती!
मी पाव पोचवते. चारला भट्टीवर, सातला बंदरावर,
व्हॅनमध्ये रेडिओ लागतो तो हवामानापुरता.

किंमत तीन युरो. माझ्याकडे पाचाची नोट.
असू दे, म्हटलं.
काउंटरवरची मिर्तेल लिटरचा आकडा बघत होती,
तिने मान हलवली की नाही, आठवत नाही.

त्या वर्षी समुद्र गोठला. आताशा दरवर्षी गोठत नाही.
बेटावरून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत
बर्फावरून रस्ता सुरू झाला,
कडेने जुनिपरच्या फांद्या रोवलेल्या.
पाटीवर लिहिलेलं: पट्टा बांधू नका.
पंचविसाच्या आत चालवा, नाहीतर चाळिसाच्या वर.
मधल्या वेगाने खालच्या पाण्यात लाट उठते
आणि बर्फ तडकतो.

पहिलं गाणं मला आवडलं नाही, खोटं कशाला बोलू.
दुसऱ्यात कान्नेल होतं,
मामाच्या भिंतीवर असायचं तसलंच, फळीसारखं, तारांचं,
पण विजेच्या अँपमधून काढलेलं,
इतकी वर्षं खिळ्याला टांगून ठेवल्याचा राग
एकदाचा बाहेर पडावा तसं.
तिसऱ्यात एक बाई ओळ टाकते,
बाकीच्या तिचा शेवटचा शब्द धरून उचलतात.
रीत जुनीच.
शब्द मात्र फेरीबोटीच्या वेळापत्रकाचे,
हेलसिंकीला फरशा बसवणाऱ्या भावाचे,
विजेच्या बिलाचे.

आणि या सगळ्याच्या तळाशी एक घरघर.

ही घरघर माझ्या ओळखीची.
गाणं मागे नेलं. पुन्हा नेलं.
इंजिन नाही. बर्फही नाही.
मग डोक्यात उजेड पडला:
आइस्क्रीमचा फ्रीझर! पंपावरचा,
ज्याच्या झाकणावर मी रोज पावांचा क्रेट टेकवते
पावतीवर सही होईपर्यंत.
अधूनमधून तो दचकतो.
गाण्यातही दचकतो,
आणि ढोलवाला त्याच्यासाठी
एक ठोका मोकळा सोडतो,
म्हाताऱ्याला बाकावर जागा द्यावी तसा.

म्हणजे रात्री, दिवे घालवून, शटर ओढून,
मोटर-ऑइलच्या कॅनवर बसून
इथेच गायले हे लोक.
आणि सकाळी मी त्याच फरशीवर
बुटांचा बर्फ झटकला.

दुसऱ्या दिवशी मिर्तेलची डाव्या हाताची बोटं पाहिली.
टोकांना घट्टे.
काय बोलायचं असतं अशा वेळी?
छान, म्हणायचं? मला तर पहिलं आवडलं नव्हतं.
क्रेट टेकवला.
"राय किती?" तिने विचारलं.
"बारा."
ती सही करत होती. फ्रीझर घरघरत होता.
तो दचकला, आणि माझं बोट
झाकणावर, त्याच्या मागून येणाऱ्या ठोक्याला
आपोआप पडलं.

तिचं पेन थांबलं.
काउंटरखाली वाकून तिने आणखी एक पाकीट काढलं.
ठसा नव्हता, नुसतं तपकिरी.
"हे आधीचं. वीसच काढल्या होत्या.
गाताना मला सर्दी झाली होती, ते कळतं."
मी पाकीट काढायला लागले पैशांचं.
"राहू दे," ती म्हणाली, "तुझे दोन युरो जमा आहेत."

आता परतताना ते लावलंय.
क्रेट रिकामे, खिडकी उघडी, पट्टा सोडलेला.
खरंच, नाक चोंदलेलं कळतं.
चौथं गाणं ना संथ ना जलद.
माझा पाय त्याच्यामागे जातो,
काटा तिसाकडे, बत्तिसाकडे सरकतो,
मी शुद्धीवर येते, दाबते, चाळीस पार करते.
गाणं मात्र तिथेच चालत राहतं, त्या मधल्या वेगात,
आणि खालून कुठूनतरी
एक लांबलचक हुंकार येतो.
तो डिस्कवरचा आहे का, हे बघायला
मी आवाज कमी करत नाही.